टाचेचं हाड वाढलंय म्हणून लगेच ऑपरेशन नको

एक्सरेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की ते कापल्याशिवाय दुखणं जाणार नाही, असं बरेच जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. तसं हाड न दुखणाऱ्या कितीतरी टाचांतही दिसतं. दुखतो तो बहुतेकदा तळपायाचा पट्टा, म्हणजे प्लांटार फॅशिया, आणि बहुतेकांचं दुखणं वर्षभरात ऑपरेशनविना आटोक्यात येतं. माझी आई सकाळी पलंगावरून उतरली की कपाटाला धरून पहिली चार पावलं टाकायची. फिजिओने तिला एक व्यायाम शिकवला. उठून पाऊल टेकवण्याआधीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढायची, दुसऱ्या हाताने तळवा चाचपून पट्टा ताणला गेलाय ना ते बघायचं आणि दहा आकडे मोजायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिवाय फरशीवर अनवाणी चालणं बंद, ओट्यापाशी उभं राहतानाही मऊ चपला. फरक पडायला काही महिने गेले, पण पडला.

आणि तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील, सकाळी कंबरही बराच वेळ आखडत असेल, तर सर्जनकडे जाण्याआधी कृपया संधिवाततज्ज्ञांना दाखवा. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्याच्या संधिवाताची सुरुवात अशीही होते, आणि त्यात टाचेच्या ऑपरेशनने मूळ आजार तसाच राहतो.