आडवाटेच्या नादी लागू नका, गर्दीतच जा

पायपीट (चर्चेचा धागा सुरू करणारे)

कुणी प्रवासाचा सल्ला विचारला की हल्ली उत्तर ठरलेलं असतं. व्हेनिस? नको, नुसती जत्रा. अमेरिकेतलं यलोस्टोन उद्यान? गाडी लावायला जागा मिळाली तर नशीब. त्यापेक्षा आडवाटेला जा, कुणी न पाहिलेलं काहीतरी गाठा. मी स्वतः दहाएक वर्षं हेच सांगत आलो. आता मत पार फिरलंय, ते मांडतो. झोडपायचं असेल तर झोडपा.

आइसलँडमध्ये फ्यादरारग्ल्यूफूर नावाची एक घळ आहे (उच्चार चुकला असेल, सांभाळून घ्या). साधारण शंभर मीटर खोल, दोनेक किलोमीटर लांब, काठांवर शेवाळाची जाड गादी. फारसं कुणी फिरकत नसे. २०१५ मध्ये एका लोकप्रिय गायकाच्या व्हिडिओत ती दिसली आणि लोक लोटले. त्या गर्दीला पुरेल अशी व्यवस्था तिथे नव्हतीच. वाटेचा चिखल झाला की माणसं बाजूच्या शेवाळावरून चालायची. शेवटी २०१९ मध्ये घळ काही काळ बंदच करावी लागली. तिथल्या थंडीत एकदा तुडवलेलं शेवाळ पुन्हा धरायला दशकं जातात.

अ‍ॅरिझोनातल्या हॉर्सशू बेंडचंही तेच. कोलोरॅडो नदीचं ते नालासारखं वळण, वर सरळ तुटलेला कडा, खाली सुमारे तीनशे मीटर खोली. फोटो पसरले, गर्दी उसळली, आणि २०१८ मध्ये कठडा बसवावा लागला. तोही कड्याच्या थोड्याशाच भागाला.

आता यलोस्टोन बघा. १८७२ पासून ते माणसं अंगावर घेतंय. २०२१ मध्ये ४८ लाखांहून जास्त भेटी झाल्या. तिथली जमीन गरम झऱ्यांपाशी पापुद्र्यासारखी पातळ, खाली उकळतं पाणी. त्यात उतरून किंवा पडून आजवर वीसहून जास्त माणसं भाजून मेली आहेत. म्हणून तर लाकडी फळ्यांच्या वाटा केल्या. अस्वल-लांडग्यापासून १०० यार्ड, बायसनपासून २५ यार्ड लांब राहायचं, असे नियम केले. रेंजर नेमले, स्वच्छतागृहं बांधली. हे सगळं चुकत-माकत, दीडशे वर्षांत जमलेलं आहे.

ओळखीच्या जागी मी गेलो तर गर्दीत एकाची भर पडते. अनोळखी जागी गेलो, फोटो टाकला, तर तिथली गर्दी माझ्यापासून सुरू होते. म्हणून म्हणतो, सरळ प्रसिद्ध ठिकाणी जा, आणि लाजू नका.

दुर्बीण

असहमत, आणि तुमच्याच यलोस्टोनवरून.

फळ्यांच्या वाटेचं कौतुक करताय, तर ती वाट थेट मॉर्निंग ग्लोरी कुंडाच्या काठाशी जाते. एकेकाळी निळंशार असलेलं ते कुंड आज कडेने पिवळं-नारिंगी झालंय, कारण येणाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्यात नाणी आणि कचरा टाकला. खालची तोंडं बुजली, पाणी निवलं आणि कमी उष्णतेत जगणारे जिवाणू कडेकडेने आत सरकले. वाट नसती तर नाणं टाकणारा तिथवर पोचला असता का?

नियमांबद्दलही बोलू. २०१६ मध्ये काही पर्यटकांना बायसनचं एक पिल्लू थंडीने गारठलंय असं वाटलं. त्यांनी ते उचलून गाडीत घातलं. रेंजरांनी ते कळपात परत मिसळायचा प्रयत्न केला, कळपाने घेतलं नाही. पिल्लू रस्त्यावर येऊन गाड्यांच्या आणि माणसांच्या मागे लागायला लागलं, शेवटी त्याला मारावं लागलं. २५ यार्डांचा नियम तेव्हाही होताच.

आणि ही काही अमेरिकेपुरती गोष्ट नाही. केनियातल्या मसाई मारात चित्त्यांच्या माद्यांचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांच्या गाड्या जास्त तिथे एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं मोठी झाली. जिथे गाड्या कमी तिथे २.३. ही जागा तर प्रसिद्धच आहे ना? मग ती गर्दी झेलायला शिकली असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

खोडरबर

मसाई मारा हे यलोस्टोनसारखं राष्ट्रीय उद्यान नाही, नॅशनल रिझर्व्ह (राखीव क्षेत्र) आहे. चालू द्या.

पायपीट

खोडरबर, आभारी आहे, तुमच्यावाचून धागा अडला होता.

दुर्बीण, चित्त्यांचे आकडे जिव्हारी लागणारे आहेत, मान्य. पण त्यातून ‘जाऊ नका’ कसं निघतं? ‘गाड्या मोजून सोडा’ हे निघतं. मध्य आफ्रिकेतल्या विरुंगाच्या डोंगरातले गोरिला घ्या. १९८१ च्या गणनेत ते २५४ होते, २०१५-१६ च्या गणनेत ६०४. गस्त, पशुवैद्य, स्थानिकांची साथ हे सगळं त्यामागे आहेच, पण त्यासाठी लागणाऱ्या पैशातला मोठा वाटा बघायला येणाऱ्यांचा. एका कळपाकडे दिवसाला एकच तुकडी, तुकडीत ८ माणसं, आणि तासाभरात माघारी. पर्यटक आलेच नसते तर त्या डोंगरात आज शेतं असती.

दुर्बीण

८ माणसं आणि एक तास! हा नियम यलोस्टोनला लावा आणि मग पुन्हा लिहा ‘गर्दीतच जा’. उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते माझ्या बाजूचं निघालं. तिथे गोरिला वाचले, कारण तिथे गर्दी नाही.

सव्वासात

मी एरवी नुसती वाचते, आज राहवलं नाही.

वडिलांचं वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले, चाकाच्या खुर्चीशिवाय हलता येत नाही. आडवाट हा शब्द आमच्या घरात फक्त ऐकायचा. त्यांना घेऊन आम्ही गेलो ते यलोस्टोनमधल्या त्याच ओल्ड फेथफुलला, गरम पाण्याच्या त्या फवाऱ्याला, ज्याला सगळे नाक मुरडतात. फवारा साधारण दीड तासाने उडतो. पुढची वेळ फळ्यावर लिहून ठेवतात, दहा मिनिटं इकडेतिकडे. बाक, उतार, खुर्ची फिरेल अशी वाट, सगळं होतं. फवारा उडाला, टाळ्या पडल्या आणि पाच मिनिटांत अख्खा जमाव पार्किंगकडे वळला. आम्हाला घाई करता येत नव्हती, म्हणून मागे राहिलो. खुर्ची ढकलत पुढे गेलो तर त्याच वाटेवर लहानमोठे कितीतरी झरे खदखदत होते आणि बघायला आम्ही तिघं आणि एक जपानी जोडपं. बाबा अर्धा तास एका भोकाकडे बघत बसले, त्यातून फक्त गुरगुर येत होती. त्यांना मुख्य फवाऱ्यापेक्षा तेच जास्त आवडलं.

एवढंच सांगायचं होतं. मोठा वाद तुम्ही घाला.

खोडरबर

सव्वासात, तुम्ही वादातला सर्वात कामाचा मुद्दा मांडून परत वाचायला बसलात, हे बरोबर नाही.

बाकी गर्दीला बघायचं काही असावंच लागतं असं नाही. मोनालिसा १९११ च्या ऑगस्टमध्ये लूव्र संग्रहालयातून चोरीला गेली, तेव्हा लोक रांग लावून रिकामी भिंत बघायला गेले होते. आज चित्र जागेवर आहे. ७७ गुणिले ५३ सेंटीमीटर, काचेमागे, आणि पुढे हात वर करून धरलेले चारशे फोन. त्या रांगेत आणि या रांगेत नक्की काय फरक पडला, ते पायपीट यांनी सांगावं. खोचकपणे विचारत नाही. थोडंसंच.

गवाक्ष

धाग्यात एक मोठा घोटाळा आहे, तो अजून कुणी पकडला नाही. शीर्षकात ‘गर्दी’ म्हटलंय, पण उदाहरणं सगळी उद्यानांची. व्हेनिसचं नाव पहिल्या परिच्छेदात येतं आणि गायब होतं. का, तर तिथे तुमचा युक्तिवाद चालत नाही.

उद्यानात फळ्या टाकून माणसांना एका रेषेत चालवता येतं. शहरात ती रेषा कुणाच्या तरी दारासमोरून जाते. व्हेनिसच्या जुन्या बेटांवर १९५० च्या सुमारास पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. २०२२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. दुसऱ्याच वर्षी पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. हे शहर गर्दी झेलायला शिकलं नाही, रिकामं झालं.

उपाय करत नाहीत असंही नाही. २०२१ पासून मोठ्या क्रूझ जहाजांना सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी आहे. २०२४ पासून दिवसापुरतं येणाऱ्यांना ठरावीक तारखांना प्रवेशशुल्क, आधी २९ दिवस, पुढच्या वर्षी ५४. जपानमधल्या क्योटोत २०२४ मध्ये गिओन या जुन्या भागातल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या, कारण गेइशांना (पारंपरिक कलावंत स्त्रियांना) वाटेत अडवून फोटो काढले जायचे. बार्सिलोनाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांचे परवाने संपवायचं ठरवलंय. ज्या गावांना गर्दी पचते ती असली पावलं उचलत नाहीत.

उद्यानात निदान कुणी राहत नाही, म्हणून तिथलं तुमचं थोडंफार ऐकून घेते.

दुर्बीण

शहरांबद्दल शब्दाशब्दाला सहमत. शेवटच्या ओळीला नाही. उद्यानात कुणी राहत नाही, कारण राहणाऱ्यांना काढलं गेलं. टांझानियातल्या सेरेंगेटी उद्यानातून तिथल्या मसाई पशुपालकांना १९५९ मध्ये शेजारच्या ङ्गोरोङ्गोरोकडे हलवलं. यलोस्टोनमध्येही शोशोनी आणि इतर जमातींची माणसं हजारो वर्षं येत-जात, राहत होती. ‘निर्मनुष्य निसर्ग’ आपल्याला दाखवण्यासाठी तयार केलेला आहे. फळ्यांच्या वाटेइतकाच.

गवाक्ष

मान्य. ओळ मागे घेते.

पायपीट

गवाक्ष, व्हेनिस मी मुद्दाम टाळलं नाही, पण टाळलं गेलं खरं. तरी एक प्रयत्न करतो. त्रास मुख्यतः दिवसाच्या लोंढ्याचा आहे. सकाळी यायचं, एक पूल, एक चौक, एक फोटो, संध्याकाळी परत. त्यापेक्षा चार रात्री राहावं. संध्याकाळी सातनंतर सान मार्को सोडून कुठल्याही दिशेने पंधरा मिनिटं चाला, स्वतःच्या पावलांचा आवाज येतो. प्रवेशशुल्कही मुक्कामी राहणाऱ्यांना लागत नाही, म्हणजे पालिकेलाही हेच हवंय.

गवाक्ष

आणि त्या चार रात्री तुम्ही झोपलात कुठे?

पायपीट

एका घरात. दुसरा मजला, कालव्याकडे खिडकी, छोटं स्वयंपाकघर.

गवाक्ष

झालं तर मग. ते कुणाचं तरी राहतं घर होतं. दिवसा येणारा गल्ली अडवतो, संध्याकाळी गल्ली मोकळी होते. मुक्कामी येणारा घर अडवतो, ते बाराही महिने अडलेलंच राहतं. भाडेकरूला दिलं तर जेवढं मिळतं त्याच्या कितीतरी पट तुम्ही चार रात्रींत देऊन जाता, मग मालक भाडेकरू कशाला ठेवेल? तुम्हाला सातनंतर जी शांतता गोड लागली ना, ती शेजारी उरले नाहीत म्हणून होती.

पायपीट

हे मला सुचलं नव्हतं. खरंच नव्हतं. त्या जिन्यात चार दिवसांत एकही शेजारी भेटला नाही, आणि मी परत येऊन त्याचं वर्णन ‘निवांत’ असं केलं होतं.

ठीक आहे. शहरांबाबत माघार. उद्यानांबाबत नाही. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात माणसं एका दरीत कोंबलेली असतात, दरी अकराएक किलोमीटर लांब, आणि उद्यानाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग राखीव रान आहे. सगळ्यांनी दरीत न जाता त्या रानात पांगावं असं दुर्बीण म्हणणार का? मला तरी दरीतली कोंडी परवडते. एकाच जागी ओरखडे पडतात, बाकीचं रान शाबूत राहतं.

दुर्बीण

पांगावं असं मी कधी म्हटलं? तुमच्या यादीत दोनच पर्याय आहेत, प्रसिद्ध गर्दी किंवा नवी गर्दी. तिसरा आहे: मोजून सोडा. अमेरिकेतल्याच झायन उद्यानात एंजल्स लँडिंग नावाच्या कड्याच्या अरुंद धारेवर २०२२ पासून सोडतीत परवाना लागल्याशिवाय जाता येत नाही. अलास्कातल्या डेनाली उद्यानात रस्त्याच्या पंधराव्या मैलाच्या पुढे उन्हाळ्यात खासगी गाडी नाही, बसनेच जायचं. मी सोडतीत दोनदा हरले. चिडले, आणि घरी बसले. काही बिघडलं नाही.

खोडरबर

ज्यांना तारखा हव्या तशा बदलता येतात, तेच पुन्हा पुन्हा सोडतीत नाव घालणार. ज्याला वर्षातून एकदाच सुट्टी मिळते त्याने एकदा हरायचं आणि रिकामी भिंत बघायची. तरी रांगेपेक्षा सोडत बरी, रांगेत धक्के बसतात.

सव्वासात

सोडतीला हरकत नाही. फक्त खुर्ची जाईल अशा वाटांना ती लावू नका. आमच्याकडे तेवढ्याच वाटा आहेत.

कोरीपाटी

मध्येच विचारतो. तिकिटं काढून झाली आहेत, जूनमध्ये व्हेनिसला तीन रात्री. वर वाचून आता चोरी करायला निघाल्यासारखं वाटतंय. जाऊ की नको?

दुर्बीण

रद्द करा.

पायपीट

जा हो. पण घर घेऊ नका, हे आता मी सांगतोय.

गवाक्ष

तिकिटं काढली आहेत तर जा. हॉटेलातच उतरा. सान मार्कोला सकाळी सहाला जाऊन या, नंतर तिकडे फिरकू नका. आणि चाकांची बॅग रात्री दगडी पुलांवरून ओढत नेऊ नका, प्रत्येक पायरीचा आवाज वरच्या खिडकीत जातो. उचलून न्या, जड असेल तर सामान कमी करा.