भूकंपनोंदी + चंद्राचा कोन: पी ०.००१ च्या खाली, आता पुढे काय?

लंबक:
यूएसजीएसच्या (अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) कॅटलॉगमधून १९७३ पासूनचे ५ आणि त्यावरच्या तीव्रतेचे सगळे भूकंप उतरवले (एका वेळी २०,००० नोंदीच मिळतात, म्हणून वर्षांचे तुकडे पाडून). नासाच्या होरायझन्सवरून (ग्रहगोलांची स्थानं देणारी सेवा) प्रत्येक भूकंपाच्या क्षणीचा सूर्य-चंद्रातला कोन घेतला. शूस्टर चाचणीत (भूकंप चक्राच्या एखाद्या टप्प्यावर गोळा होतात का, हे पाहणारी) पी, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता, ०.००१ पेक्षा कमी येतोय. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे तीन-तीन दिवस धरले तर ४८ टक्के भूकंप त्यात बसतात. यावर इशारा देणारं मॉडेल उभं राहील का? गुरू-शुक्रही घालायचा विचार आहे.

खडकफोड्या:
सात दिवस, महिन्यातून दोनदा, म्हणजे २९.५३ पैकी १४ दिवस. ४७ टक्के. डोळे मिटून तारखा काढल्या तरी एवढे बसणारच.

पी लहान येतोय तो नंतरच्या धक्क्यांमुळे. शूस्टरमध्ये प्रत्येक भूकंप हा त्याच्या कोनाच्या दिशेचा एक स्वतंत्र बाण, आणि पी = ई^(−आर²/एन); आर म्हणजे सगळ्या बाणांच्या बेरजेची लांबी, एन म्हणजे भूकंपांची संख्या. मोठ्या भूकंपानंतर पहिल्या दोन दिवसांतच धक्क्यांची रांग लागते. तेवढ्यात हा कोन जेमतेम २४ अंश सरकतो, म्हणजे सगळे बाण एकाच दिशेला आणि आर फुगलेला. आधी कॅटलॉग ५.५ वर कापा, कारण जुन्या काळातले लहान भूकंप सुटलेले असतात. नोंदी साधारण एक तृतीयांश उरतील, चालेल. मग गार्डनर-नॉपॉफच्या खिडक्या (मोठ्या भूकंपाभोवतीचं ठराविक अंतर आणि काळ) लावून नंतरचे धक्के गाळा: ६ साठी ५४ किमी आणि ५१० दिवस, ७ साठी ७० किमी आणि ९१५ दिवस. ८ च्या पुढे मात्र ही खिडकी अपुरी पडते. तिथे भ्रंश (खडक सरकतात ती भेग) शेकडो किलोमीटर तुटलेला असतो, त्यामुळे नकाशा उघडून हातानेच गाळावं लागतं.

भरतीओहोटी:
ग्रह सोडून द्या. भरतीचं बल अंतराच्या घनाने घटतं. शुक्र अगदी जवळ आला तरी चंद्राच्या सुमारे १८,००० वा भाग. शिवाय सूर्य, चंद्र, ग्रह अशा दहा ज्योती घेतल्या तर त्यांच्या ४५ जोड्या होतात. ५ टक्क्यांच्या कसोटीवर त्यातल्या दोनेक नशिबानेच 'लागतात'.

चंद्राचा परिणाम शून्य नाही, पण तिथीत शोधून तो सापडत नाही. भरतीचा ताण काही किलोपास्कल, भूकंपात सुटणारा ताण १ ते १० मेगापास्कल. २००४ मध्ये कॉक्रन, विडाल आणि तनाका यांना संबंध दिसला तो उथळ थ्रस्ट (भ्रंशाची एक बाजू दुसरीवर चढणाऱ्या) भूकंपांत, तोही सागरी भरतीचा ताण मोठा असताना. म्हणून ग्लोबल सीएमटी या कॅटलॉगमधून (१९७६ पासून) भ्रंशाची दिशा आणि उतार घ्या, आणि भ्रंशाच्या त्या प्रतलावरचा भरतीचा ताण काढा. वेळ यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) हवी, भारतीय नको. साडेपाच तासांची चूक तिथीच्या कोनात तीन अंशांचीही नसते, पण १२.४२ तासांच्या भरतीच्या चक्रात ती जवळपास १६० अंशांची होते: भरतीच्या जागी ओहोटी.

लंबक:
समजलं. आणि मॉडेल खरंच चालतंय की नाही, हे कशावर तपासायचं?

खडकफोड्या:
२०१० पर्यंतच्या नोंदींवर नियम ठरवा, गोठवा, पुढच्या वर्षांवर चालवा. नंतर इशाऱ्याची मुदत दिवसभरानेही वाढवायची नाही. निकाल मोल्चन आलेखावर मांडा: आडव्या अक्षावर इशाऱ्याखाली गेलेला जागा-वेळेचा हिस्सा, उभ्यावर हुकलेल्या भूकंपांचा. कर्ण म्हणजे निव्वळ नशीब. जागेला क्षेत्रफळाने वजन देऊ नका, तिथल्या जुन्या भूकंपदराने द्या. नाहीतर प्रशांत महासागराच्या कडेला इशारे लावणारा कोणीही कर्णाच्या बराच खाली उतरतो, म्हणजे नशिबापेक्षा सरस दिसतो. आणि 'जगात कुठेतरी, आठवड्याभरात ६ चा' असा इशारा मोजूच नका. असे भूकंप वर्षाला शंभरावर होतात.