तुळशीची कुंडी कोणी फोडली?

(सोसायटीचा ग्रुप, सकाळी ६:४८ पासून)

१०३ काकू: रॅम्पच्या तोंडाशी लावलेली ग्रे गाडी कोणाची आहे? माझ्या तुळशीची कुंडी फुटली. काल संध्याकाळी दिवा लावला तेव्हा धडधाकट होती.

३०२ भाऊ: काकू, गाडी माझी आहे. पण मी ११ ला लावली तेव्हा कुंडीपासून हातभर लांब होती. फर्स्ट गिअर टाकला, किल्ली घेतली, वर आलो. कोणीतरी ढकलली असन. वॉचमनले विचारा.

सेक्रेटरी: वॉचमनवर घेऊ नका. मी कॅमेरा पाहिला. गाडीजवळ कुत्रंही गेलं नाही. २:१० ला गाडी एक झटका घेऊन चार बोटं पुढे. ३:२५ ला परत एक झटका. असं करत करत ५ च्या आधी कुंडी. आपोआप. मला तर भुताटकी वाटून राहिली.

वर्कशॉपवाले काका: भूत नाही. हँडब्रेक ओढला होता का?

३०२ भाऊ: नाही काका. मी ओढतच नाही. गाडी शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं, रोज ओढला की केबल सैल पडते. १२ वर्षं झाली, हँडब्रेकवर एक रुपया खर्च नाही.

१०३ काकू: अन कुंडीचा?

वर्कशॉपवाले काका: थांबा, चष्मा लावून लिहितो.

गिअरमध्ये गाडी कशानं थांबते? इंजिनात दाबल्या गेलेल्या हवेनं. ती हवा रिंगांच्या फटीतून हळूहळू निघून जाते. उतारावर वजन पुढे ढकलतच असते. हवा गेली की इंजिन थोडंसं फिरते, गाडी चार बोटं सरकते, पुढच्या दाबावर अडते. मग ती हवा निघते. कॅमेऱ्यात दिसलं ते हेच. इंजिन जितकं जुनं तितकं हे लवकर होते. म्हणून गिअर हा जोडीला. मुख्य थांबवणारा हँडब्रेक.

अन तो ‘वाचवून’ ठेवायची वस्तू नाही. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत मागच्या चाकांत ड्रम असतात, म्हणजे चाकासोबत फिरणारे लोखंडी डबे. पायाचा ब्रेक तेलावर चालते, हँडब्रेक साध्या तारेवर. तार एका नळीतून मागच्या चाकापर्यंत जाते. लिव्हर ओढला की तार ओढली जाते अन ड्रममधले लायनर, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या, फाकून ड्रमला लागतात. तार रोज मागे-पुढे झाली तर नळीत मोकळी राहते. नाही झाली तर गाडीखालचं पाणी, माती, चिखल आत शिरते, गंज धरते अन तार नळीतच बसते. हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपात ३१ वर्षं काढली मी. वापरून झिजलेली वस्तू दुरुस्त करायला सोपी, पडून गंजलेली वस्तू रडवते.

तार थोडी सैल पडते, शिकवणाऱ्याचं तेवढं खरं. पण त्यासाठीच खाली नट दिला आहे. मेकॅनिक आवळून देते.

२०४ ताई: काका, मग आमचं काय चुकलं होतं? मागच्या पावसाळ्यात पुण्याला मुलीकडे गेलो तीन आठवडे. हँडब्रेक छान ओढून गेलो. परत आलो तर मागचं डावं चाक हलेना. मेकॅनिक आला, ड्रमवर चार हातोडे घातले, तेव्हा टक्‌ करून सुटलं. तेव्हापासून यांनी हँडब्रेकचं नावच टाकलं.

वर्कशॉपवाले काका: ताई, ते वेगळं प्रकरण. जायच्या दिवशी पाऊस होता न? ओले लायनर, ओला लोखंडी ड्रम, अन तीन आठवडे एकमेकांना दाबून ठेवले. गंजानं चिपकले. रात्रभर, दोन दिवस, चार दिवस, बिनधास्त ओढा. पण आठवडेच्या आठवडे गाडी उभी राहणार असेल, तेही पावसाळ्यात, तर सपाट जागा पाहा, गिअर टाका, चाकांना पुढून-मागून विटा लावा अन हँडब्रेक सोडून जा. गाडी धुतली किंवा पाण्यातून आणली की लगेच उभी करू नका. ब्रेक हलके दाबत एक चक्कर मारा, ड्रम सुकतात.

सेक्रेटरी: २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमच्या साळ्याची गाडी अर्धी पाण्यात होती. इंजिन वाचलं, पण ड्रम उघडले तर आत गाळच गाळ.

५०१ सोहम: माझी ऑटोमॅटिक आहे काका. पी वर टाकलं की विषय संपला न?

वर्कशॉपवाले काका: पी म्हणजे गिअरबॉक्समधली एक लहानशी लोखंडी खुंटी, दात्यात अडकते. रोज उतारावर अख्ख्या गाडीचं वजन तिच्यावर कायले टाकता? सकाळी गिअर काढताना ‘खट्‌’ असा आवाज येते का?

५०१ सोहम: येते 🙈

वर्कशॉपवाले काका: तेच वजन. पायाचा ब्रेक दाबून ठेवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, पाय सोडा. गाडी हँडब्रेकवर टेकली की परत पाय दाबून पी टाका. आवाज बंद होईल.

२०४ ताई: आमच्या नव्या गाडीत लिव्हरच नाही, बटण आहे.

वर्कशॉपवाले काका: त्यात मोटर असते. तीही रोज वापरा. फक्त बॅटरी उतरली तर सुटत नाही, एवढं लक्षात असू द्या.

४०१ वहिनी: मी एकदा हँडब्रेक न काढताच वर्धा रोडच्या पुलापर्यंत गेले होते. जळका वास आला तर वाटलं समोरच्या ट्रकचा आहे. ट्रकवाल्याला शिव्या पण घातल्या मनात.

वर्कशॉपवाले काका: लाल दिवा पेटला असेल न वहिनी. अन असं झालं तर चाकावर पाणी ओतू नका, आपोआप निवू द्या. हँडब्रेक खाली असूनही तो दिवा गेला नाही तर ब्रेक ऑइल तपासा.

३०२ भाऊ: हँडब्रेक कसा आहे ते कळायचं कसं?

वर्कशॉपवाले काका: ओढताना टकटक मोजा. किती पाहिजे ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असते. साधारण ५ ते ८ मध्ये घट्ट व्हायला हवा. लिव्हर कोपरापर्यंत येत असेल तर आवळून घ्या.

३०२ भाऊ: खालीच आलो आहे. आधी गाडी काढतो, काकूंची माती भरून देतो.

(सकाळी ७:३१)

३०२ भाऊ: रॅम्पवर आहे. दोन टकटक झाले अन अडकला. वर येतच नाही.

वर्कशॉपवाले काका: राहू द्या. जोर करू नका. गंजलेली तार आहे, लागली तर परत सुटणार नाही.

वर्कशॉपवाले काका: भाऊ? वाचलं का?

३०२ भाऊ: दोन्ही हातांनी ओढला. लागला काका! मस्त घट्ट लागला.

३०२ भाऊ: आता खाली होत नाही.

१०३ काकू: कुंडी राहू द्या, गाडी कुठे आहे?

सेक्रेटरी: रॅम्पच्या मधोमध. गॅलरीतून पाहून राहिलो.

५०१ सोहम: भाऊ, माझी बेसमेंटमध्ये आहे. मला ९ ला मिहानला पोहोचायचं आहे.

वर्कशॉपवाले काका: येतो खाली. कोणाकडे जॅक असेल तर आणा. हातोडा माझ्याकडे आहे.