सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडायचा, पण घरी पोचायलाच रात्र झाली तर?

शालोम_भांडुप:
सलाम. बायबलमधल्या इफिसकरांस पत्र ४:२६ प्रमाणे राग सूर्यास्तापलीकडे ठेवायचा नाही. मुंबईत नवरा-बायको दोघंही नोकरीला असली तर घरी पोचायला नऊ वाजतात. डिसेंबरात सूर्य सहालाच मावळतो. एका खोलीत सासू-सासरे आणि मुलं. मग अकरा वाजता भांडण मिटवायला बसायचं की गप्प राहायचं? गप्प राहणं ही सहनशीलता, की राग गिळणं?

भायखळा_वाचक:
ताई, यहुदी मोजणीत सूर्यास्ताला दिवस संपतो आणि पुढचा सुरू होतो. म्हणजे आजचा राग उद्याच्या खात्यावर ओढू नका. त्याच रात्री वाद मिटलाच पाहिजे, असं हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने लिहिलेलं नाही. पुढच्याच वचनात कारण आहे: सैतानाला वाव मिळू नये.

दमल्या-उपाशी माणसाशी वाद सोडवू नका. १ राजे १९ मध्ये खचलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने दोनदा खायला-प्यायला दिलं, मधे झोपूही दिलं. देवाचा प्रश्न त्यानंतर आला. रात्री एवढंच बोला: "मला राग आलाय, पण तुझ्याशी वैर नाही. शनिवारी चार वाजता बोलू." वार आणि वेळ ठरवाच. "नंतर बघू" म्हटलं की ती टाळाटाळ होते आणि राग मुरतो.

स्तोत्र_अभ्यास:
गिळण्याबद्दल. स्तोत्र १३ मध्ये सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत दावीद "कोठवर?" असं चार वेळा विचारतो, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. याच क्रमाने दहा मिनिटं लिहा: काय लागलं, देवाकडे काय मागते, त्याच्यावर भरवसा का ठेवते. लोकलमध्ये लिहायचं तर फोनच्या नोंदवहीत लिहा. व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत नको, गर्दीत बोट पडतं आणि मेसेज जातो.

नेहमीची चूक म्हणजे पहिले दोन भाग गाळून थेट "सगळं प्रभूच्या हाती" म्हणणं. मग तोच राग भांड्यांच्या आदळआपटीतून निघतो. मार्क ३:५ मध्ये येशूने जमलेल्यांकडे रागाने पाहिलं, त्यांच्या कठीण मनामुळे त्याला दुःखही झालं, आणि त्याने केलं काय? एका माणसाचा वाळलेला हात बरा केला. आपला राग तपासायला मला हे वचन सर्वांत उपयोगी वाटतं: या रागातून कुणाचं भलं होणार आहे?

दादर_मंडळी:
शनिवारच्या बोलण्याविषयी. मत्तय १८:१५ म्हणतं, आधी एकांतात. खोलीत जमत नसेल तर गच्ची, नाहीतर स्टेशन ते घर ही चाल. घरच्या ग्रुपवर नको. प्रार्थनाविनंती म्हणून नवऱ्याची तक्रार सांगणं तर अजिबात नको. ती चहाडीच होते, फक्त शेवटी आमेन असतं.

एका वेळी एकच गोष्ट काढा. "तू नेहमी असंच करतोस" म्हटलं की समोरचा अपवाद शोधायला लागतो आणि मूळ मुद्दा राहतो. क्षमा मागताना "चुकलं, पण तूच..." नको. "मी तुला आळशी म्हटलं, ते चुकलं, मला क्षमा कर," इथे थांबा.

भायखळा_वाचक:
एक राहिलं. समोरचा हात उगारत असेल तर यातलं काही लागू नाही. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे. आधी मुलांसह सुरक्षित जागी जा. महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. चर्चच्या पाळकांशी बोलणं त्यानंतर.

शालोम_भांडुप:
आभार. नवऱ्याला मुलांसमोर टाकून बोललं असेल, तर क्षमाही एकांतातच मागायची का?

दादर_मंडळी:
नाही ताई. जिथे अपमान झाला, तिथेच क्षमा. मुलांनी भांडण ऐकलंय, क्षमा मागितलेलीही ऐकू दे.