बुद्धिबळ: ॲपमधल्या कॉम्प्युटरच्या लेव्हल ३ ला हरवतो, लेव्हल ४ ला रोज हरतो. मदत हवी आहे

अडीचघर: दोन आठवडे झाले, डोकं आउट झालंय. लेव्हल ३ हातचा मळ आहे, ४ ला एकही डाव नाही. वीसेक चालींत खेळ खल्लास. काय करू? लवकर सांगा.

कोपऱ्यातला_हत्ती: कुठलं ॲप? किती मिनिटांचा डाव? सुरुवात कशी करता? डाव टाका इथे.

पटाईत६४: कॉम्प्युटरशी खेळायचं तर प्यादी अडकवून पट बंद करून टाका. त्याला बंद पटावर काही सुचत नाही. मी असाच जिंकायचो.

कोपऱ्यातला_हत्ती: कुठल्या जमान्यात? २०२० मध्ये स्टॉकफिश या इंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमला, न्यूरल नेटवर्क जोडलं, तेव्हापासून तो बंद पटही नीट समजतो.

पटाईत६४: समजू दे की. यांना लेव्हल ४ शी खेळायचंय, पूर्ण ताकदीशी नाही.

नियमानेच: ऑनलाइन डावात इंजिनची मदत घेणं ही फसवणूक आहे. खातं बंद होतं, मग रडू नका.

अडीचघर: अहो, मी इंजिनची मदत घेत नाहीये, त्याच्याकडून मार खातोय! ॲपमध्ये स्टॉकफिशच आहे. ५ मिनिटांचा डाव. सुरुवात नेहमीचीच.

कोपऱ्यातला_हत्ती: नेहमीची म्हणजे?

अडीचघर: राजापुढचं प्यादं, उंट सी४ घरात, वजीर एच५ घरात, एफ७ वर मात. लेव्हल ३ ला बऱ्याचदा बसते. ४ वाला प्यादं जी६ ला ढकलतो. मग मी वजीर एफ३ ला आणतो, त्याचा घोडा एफ६ ला. मी प्यादं जी४ ला. पुढे सगळं विस्कटतं.

तिरकी_चाल: हे आधी सांगायचं ना राव! जी४ नंतर त्याचा दुसरा घोडा सी६ वरून डी४ ला येतो का?

अडीचघर: हो! तुम्हाला कसं कळलं?

तिरकी_चाल: तिथून तो तुमच्या वजिरावर आणि सी२ च्या प्याद्यावर एकदम बसतो. सी२ घेतलं की राजाला शह आणि कोपऱ्यातला हत्ती गेला. ते वाचवायला वजीर डी१ ला न्यायचा, म्हणजे वजिराच्या तीन चाली खर्चून वजीर होता तिथेच. तेवढ्यात त्याचे दोन घोडे बाहेर. आधी घोडे-उंट काढा, राजा किल्ल्यात घाला, वजिराला घरी बसवा.

पटाईत६४: जगज्जेता कास्पारोव्हसुद्धा डीप ब्लू कॉम्प्युटरकडून हरला, यांचं काय घेऊन बसलात.

कोपऱ्यातला_हत्ती: १९९७ ला हरला, साडेतीन-अडीच. त्याआधी १९९६ ला चार-दोन जिंकला होता, ते कुणी सांगत नाही.

पटाईत६४: आणि २००६ ला क्रॅमनिकला डीप फ्रिट्झ या प्रोग्रॅमची एका चालीतली मात दिसली नाही. जगज्जेता असताना!

तिरकी_चाल: गाडी रुळावर आणा. अडीचघर, खालच्या लेव्हलचा स्टॉकफिश मुद्दाम मधूनच हलकी चाल निवडतो. दहा चाली मास्तरासारख्या, अकरावीला घोडा फुकट. माणूस असा चुकत नाही, म्हणून याच्याशी खेळून सवयी बिघडतात. माया नावाचं इंजिन बघा, माणसांच्या डावांवर शिकवलंय. ११०० पासून १९०० रेटिंगपर्यंतची (रेटिंग म्हणजे ताकदीचा आकडा) रूपं आहेत, ११०० वालं घ्या. आणि ५ मिनिटं सोडा, १५ लावा.

नियमानेच: तरी इंजिनच ना शेवटी.

अडीचघर: वजीर घरी ठेवून १५ मिनिटांचा खेळलो, लेव्हल ४ शीच. ४१ चाली टिकलो. एक घोडा जास्त होता, मग घाईत हत्ती गेला. तरी अंडूची, म्हणजे चाल मागे घ्यायची, दोन बटणं दाबली होती, ती मोजायची का?

कोपऱ्यातला_हत्ती: दोन?

अडीचघर: पाच.