महिनाभर सोडलं, पण वर्षभर काय टिकलं?

चवथ आटोपली, गणपतीवरची माटोळी उतरली आणि आमच्या डिचोलीच्या घरात श्रावणभर बंद असलेल्या नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा, वास परत दरवळला. त्यावरून हा धागा सुचला.

गेल्या वर्षी मी ३० दिवस साखर, मैदा आणि तळलेलं बंद केलं होतं. काटा साडेतीन किलोंनी उतरला. मग दिवाळीत पाच तऱ्हेचे पोहे आणि वर नेवऱ्या, शिगम्यापर्यंत काटा होता तिथे. राहिलं एवढंच की चार वाजता फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही. मनोनिग्रह वगैरे काही नाही, डबाच आणत नाही.

तुम्ही काही दिवसांसाठी काही सोडलं असेल तर लिहा. किलो नकोत. वर्षानंतर ताटात काय वेगळं आहे, ते सांगा.

पोयीप्रेमी, मडगाव
पोट फुगायचं म्हणून कुठेतरी वाचून मी आपल्या मनाने गहू बंद केला. सकाळी साडेसहाला पाववाल्या पोदेराचा पों-पों ऐकू आला की उशीत तोंड खुपसायचे. दोन आठवड्यांत बरं वाटलं, मग तपासणीला गेले तर डॉक्टर वैतागलेच. सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, आहे का हे रक्तात पाहायचं तर गहू पोटात जात असावा लागतो, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. म्हणजे आधी तपासणी, मग पथ्य. मी उलटं केलं होतं. परत सहा आठवडे रोज पोयी, म्हणजे आपला गव्हाचा पाव, खाल्ली, मग रक्त दिलं. सीलिअ‍ॅक नाही. आता दोनाच्या जागी एक पोयी आणि वाटीभर अळसांद्याचा तोणाक (चवळीची रस्साभाजी). हे मात्र टिकलंय.

दोन वर्षांची वही, फोंडा
माझं जरा लांबेल. आतड्याचा जुना त्रास, म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी फॉडमॅपचं पथ्य दिलं, मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने बसवलेलं. फॉडमॅप म्हणजे आतड्यात नीट न शोषली जाणारी, आंबून पोट फुगवणारी कर्बोदकं. कांदा, लसूण, गहू, दूध, कडधान्यं, आंबासुद्धा बंद! पण हे बंद दोन ते सहा आठवडेच. खरं काम नंतर. एकेक गट परत आणायचा, तीन दिवस थोडा थोडा वाढवत, आणि वहीत लिहायचं.

मी श्रावणात सुरू केलं. कांदा-लसूण तसाही बंद, देवाच्या नावावर सगळं घर माझ्या पथ्यात! दूध परत आणलं, काही झालं नाही. कांद्याला तिसऱ्या दिवशी पोटाचा घुमट झाला. लसूण तशीच. मग बाईंनी युक्ती सांगितली: अख्ख्या पाकळ्या तेलात परतायच्या आणि काढून टाकायच्या. लसणातलं त्रास देणारं कर्बोदक, फ्रुक्टन, पाण्यात उतरतं, तेलात नाही. हुमणाच्या रश्शात पाकळी टाकून मग वेचली तर उपयोग नाही, फोडणीत चालतं. सोडण्याचे आठवडे चार, वही तीन महिने. आज दोन वर्षांनी मी आंबासुद्धा खाते, फक्त अर्धा.

पेडण्याची आजी
तुमचा प्रश्नच मला पटला नाही. श्रावण काय सवयी लावायला पाळतात? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ती उठून ट्रॉलर समुद्रात जातात न जातात तोवर आमचा श्रावण येऊन बसतो. आमचे हे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन उजाडायच्या आधी बाजारात. सोमवारच्या साबुदाण्याने माझं वजन वाढतंच. एक मात्र झालं. आमची सून शहरातली, तिला पानात पाला दिसला की कपाळाला आठी. आता फणसाच्या आठळ्या घालून तायकिळ्याची भाजी तीच मागते, तीही श्रावणाची वाट न बघता.

भात बंद, पणजी
२१ दिवसांत सवय लागते म्हणून २१ दिवस शीत बंद. २२व्या दिवशी चुलतभावाचं लग्न, पुढे विचारू नका. नंतर कळलं, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांवर पाहिलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला मध्यावर ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला थेट २५४. मध्ये एखादा दिवस चुकला तर बिघडत नाही. आणि ते लोक काही सोडत नव्हते, रोज एखादी गोष्ट *करत* होते, जेवणाबरोबर फळ खाणं वगैरे. मी आता आधी कोशिंबीर संपवतो, मग भात. किती दिवस झाले ते मोजलं नाही.

चहावाली, म्हापसा
दोन चमच्यांवरून अर्ध्यावर. पहिले पंधरा दिवस चहा की काढा कळेना. आता दुसऱ्यांकडचा चहा पाकासारखा लागतो. बाकी शुक्रवारच्या बाजारातलं खाजें सुटलेलं नाही, सोडणारही नाही.

पोयीप्रेमी, मडगाव
फोंड्याच्या ताई, हिंगात पीठ असतं ना? गहू बंद असताना फोडणीचं काय केलंत?

दोन वर्षांची वही, फोंडा
असतं, बऱ्याच डब्यांवर मैदाच लिहिलेला असतो. चिमटीने मला काही होत नव्हतं. तरी तेव्हा तांदळाच्या पिठातला आणला, अजून तोच आहे. संपतच नाही मेला.