खोली घेण्याआधी ऑनलाइन कोर्सचं जुलैचं सत्र करून पाहा

भाऊ, तुम्ही विचारलंय की दारव्ह्याकडच्या खेड्यात राहून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं पुढचं शिक्षण जमेल का, की पुण्यात खोली घ्यावी. खोलीची घाई करू नका. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे ४, ८ आणि १२ आठवड्यांचे कोर्स आहेत. नाव नोंदवणं फुकट, पैसे लागतात ते परीक्षेला. ती मात्र केंद्रावर जाऊनच द्यावी लागते.

जुलैत सुरू होणाऱ्या सत्राचा शेवट नेमका सोयाबीन काढणीत येतो, हा आपल्याकडचा खरा घोळ. पण १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये दर आठवड्याच्या असाइनमेंटपैकी सगळ्यात चांगल्या ८च धरतात, त्यांना २५ टक्के गुण आणि परीक्षेला ७५. मळणीत दोन आठवडे गेले तरी बिघडत नाही. व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवा. लाइट गेली की टॉवरही जातो, मग बसा हातावर हात धरून! मी स्वतः यात एक अख्खा आठवडा घालवलाय.

इथल्या चर्चेत कुणीतरी 'ग्यान'चं सुचवलं. २०१५ पासूनची ती सरकारी योजना चांगली आहे, परदेशी प्राध्यापक इथे येऊन आठवडा-दोन आठवडे शिकवतात. पण रोज हजर राहावं लागतं, आणि पाया कच्चा असेल तर पहिल्याच दिवशी डोक्यावरून जातं. ते नंतर.

आणि पुढे संशोधनाकडे जायचं असेल, तर परीक्षेचं प्रमाणपत्र म्हणजे संशोधन नव्हे बाप्पा. आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर संशोधनाचे पेपर फुकट मिळतात. कोड दिलेला एखादाच पेपर निवडा, त्यातला प्रयोग आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहा. आकडे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, ते इथे लिहा.